सोयाबीन शिकायला इलिनॉयला: अर्जापासून पदवीपर्यंत

ऑगस्ट २०२१ मध्ये मी घरी सांगितलं, की मला एम.एस. करायला अमेरिकेत जायचंय. अप्पा नुकतेच फवारणी करून रानातून आले होते. पाठीवरचा पंप उतरवत त्यांनी विचारलं, "कशाचं शिकायचंय?"

"सोयाबीनचं."

"सोयाबीन शिकायला एवढ्या लांब जावं लागतंय व्हय, बाई?"

ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं आणि तेव्हा माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. मी औसा तालुक्यातली. लातूरला बी.एस्सी. ॲग्री केलं, परभणीच्या विद्यापीठाची पदवी. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी परदेशी शिक्षणाची माहिती ढिगानं मिळते. शेतीची पदवी घेतलेल्यांनी कुठून सुरुवात करायची, हे सांगणारं मला तेव्हा कुणी भेटलं नाही. म्हणून मी केलं ते क्रमानं लिहून ठेवते आहे. विद्यापीठ इलिनॉय राज्याचं, अर्बाना-शँपेन इथलं. रक्कम आणि नियम २०२१ ते २०२४ मधले आहेत, तुम्ही जाल तेव्हाचे स्वतः तपासून घ्या.

पहिलं काम पासपोर्ट. लातूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात १५०० रुपये भरले, पोलीस चौकशी झाली, महिन्याभरात पासपोर्ट हातात आला. इथेच एक गोष्ट लक्षात आली. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. पुढे प्रत्येक अर्जावर नाव अगदी पासपोर्टसारखंच लिहायचं, एका अक्षराचाही फरक नको. मी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं. ते कुणी मागितलं नाही, पण फाइलमध्ये होतं म्हणून मला झोप लागत होती.

सप्टेंबरमध्ये आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा. फी साधारण पंधरा हजार. क्लास लावला नाही. रोज सकाळी एक इंग्रजी लेख मोठ्यानं वाचायचा आणि तो मैत्रिणीला फोनवर इंग्रजीतून सांगायचा, एवढंच दोन महिने केलं. बोलण्याच्या परीक्षेत मला विचारलं, तुमच्या गावात काय बदललंय. मी ज्वारी जाऊन सोयाबीन कसं आलं ते सांगत बसले आणि भीती कधी गेली ते कळलं नाही.

यानंतरचं काम सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक करत नाहीत: प्राध्यापकांना मेल लिहिणं. शेतीच्या विषयांत थीसिससह एम.एस.ला प्रवेश बहुतेक वेळा तेव्हाच मिळतो, जेव्हा एखाद्या प्राध्यापकाकडे प्रकल्पाचा निधी असतो आणि ते तुम्हाला घ्यायला तयार होतात. मग रिसर्च असिस्टंटशिप मिळते. आठवड्याला वीस तास संशोधनाचं काम, त्याबदल्यात शिकवणी शुल्क माफ आणि दरमहा पगार. शेतकऱ्याच्या घरातल्या मुला-मुलींनो, एवढा परिच्छेद दोनदा वाचा. परदेशी शिक्षण म्हणजे चाळीस लाखांचं कर्ज, असं मीही समजत होते. संशोधनाच्या वाटेनं गेलं तर तसं नसतं.

मी तेवीस मेल लिहिले. पहिले दहा सारखेच होते, फक्त नाव बदललेलं. एकालाही उत्तर आलं नाही. मग मी प्रत्येक प्राध्यापकाचे दोन-दोन शोधनिबंध वाचले आणि माझ्या रानातला एक प्रश्न त्यांच्या कामाशी जोडून लिहायला लागले. उरलेल्या तेरांपैकी चौघांनी उत्तर दिलं. त्यातल्या इलिनॉयच्या एका बाईंनी नोव्हेंबरच्या एका रात्री झूमवर वेळ दिली. आमच्या घरी रेंज येत नाही, म्हणून औशाला आत्याकडे जाऊन बसले. त्यांनी माझ्या मार्कांबद्दल काहीच विचारलं नाही. लातूरकडे सोयाबीन कोणत्या रोगानं मरतं, हे त्या अर्धा तास विचारत राहिल्या. पिवळा मोझॅक, खोडमाशी, मूळकूज, जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं.

अर्जाची फी परदेशी विद्यार्थ्यांसाठी ९० डॉलर होती. मी एकूण तीन ठिकाणी अर्ज केले. शिफारसपत्रं तीन लागतात. सरांना थेट विद्यापीठाकडून लिंक जाते आणि ती पुष्कळदा स्पॅममध्ये पडते. मुदतीच्या तीन आठवडे आधी फोन करा, एक आठवडा आधी पुन्हा करा, संकोच करू नका. आपला ओजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून सरासरी) दहापैकी असतो, तो स्वतः चारपैकीच्या मापात बदलून लिहू नका, जसा आहे तसाच लिहा. गुणपत्रकांचे सीलबंद संच मी तेव्हाच जादा काढून ठेवले. प्रवेश मिळाल्यावर अधिकृत प्रती मागतात, आणि त्या पोहोचल्या नाहीत तर पुढच्या सत्राची नोंदणी अडते.

११ मार्च २०२२ ला रात्री इलिनॉयचं प्रवेशाचं पत्र आलं. पन्नास टक्के असिस्टंटशिप, म्हणजे तेच आठवड्याला वीस तास, महिना बावीसशे डॉलरच्या आसपास. मायला पत्रातलं काही कळत नव्हतं, तरी तिनं ते मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. निधीसह आलेल्या अशा पत्राला बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत होकार द्यायचा असतो. तोवर घाई करा म्हणून कुणी मागे लागलं तरी विचार करायला वेळ घ्या.

मे महिन्यात आय-२० आला, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद, ईमेलनंच. तो छापून त्यावर पेनानं सही करायची असते. असिस्टंटशिपच्या पत्रातच खर्चाची सोय दाखवलेली असल्यामुळे मला बँकेत लाखो रुपये दाखवावे लागले नाहीत. मग सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदीची) फी ३५० डॉलर, तेव्हाच्या दरानं २७ हजारांच्या वर. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म. व्हिसाची फी १६० डॉलर (२०२३ च्या जूनपासून १८५ झाली). मुलाखतीचा स्लॉट मिळणं हेच मोठं दिव्य होतं. त्या उन्हाळ्यात तारखा टप्प्याटप्प्यानं उघडायच्या आणि मिनिटांत संपायच्या. मी पंधरा दिवस पहाटेपासून लॅपटॉपपुढे बसायचे. एक सांगते, पान सारखं रिफ्रेश केलं तर खातं काही तासांसाठी बंद पडतं. माझं दोनदा पडलं.

२७ जूनला बोटांचे ठसे, २८ ला मुलाखत, दोन्ही मुंबईत बीकेसीला. अप्पा आणि मी लातूर एक्सप्रेसनं गेलो. फोन, बॅग काही आत नेता येत नाही, म्हणून अप्पा रस्त्याच्या पलीकडे माझी पिशवी घेऊन उभे राहिले. आत तीन प्रश्न विचारले: कुठे जाताय, खर्च कोण करतंय, संशोधन कशावर? मी सांगितलं, सोयाबीनच्या मुळांवर पडणाऱ्या बुरशीवर. खिडकीपलीकडच्या बाईंनी पासपोर्ट ठेवून घेतला आणि व्हिसा मंजूर आहे म्हणाल्या. सगळं मिळून दोन मिनिटं. बाहेर आले तर अप्पा त्याच जागी उभे. मी मान हलवली आणि त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

खर्चाचं खरं गणित सांगते. परीक्षा, अर्ज, सेविस, व्हिसा, प्रवास, लसी, तिकीट (८६ हजार) आणि सोबत नेलेले १८०० डॉलर धरून साडेतीन लाखांच्या आसपास गेले. त्या वर्षी सोयाबीनला भाव होता आणि अप्पांनी चाळीस क्विंटल थप्पी लावून राखलं होतं. ते विकलं. उरलेलं आत्याकडून हातउसने. पहिला पगार १६ सप्टेंबरला आला, म्हणजे पोहोचल्यावर पाच आठवड्यांनी. तेवढ्या काळाचं भाडं, अनामत आणि जेवण हाताशी असायलाच हवं.

लसींचं आधी करा. तिथे गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस झाल्याचा तारखेसह पुरावा लागतो. माझं लहानपणीचं कार्ड पावसात गेलं होतं. लातूरला डॉक्टरांकडून २८ दिवसांच्या अंतरानं दोन्ही डोस पुन्हा घेतले आणि लेटरहेडवर लिहून घेतलं. क्षयरोगाची तपासणी तिथे गेल्यावर विद्यापीठाच्या मॅकिन्ली आरोग्य केंद्रात झाली. आपण लहानपणी बीसीजी घेतलेली असते, त्यामुळे कातडीवरच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी मागून घ्यावी.

१० ऑगस्टच्या रात्री मुंबईहून निघाले. शिकागोच्या विमानतळावरून बसनं दक्षिणेला अडीच-तीन तास. शहर संपलं आणि दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन सुरू झालं. टेकडी नाही, बांध नाही, विहीर दिसत नाही. नजर जाईल तिथपर्यंत हिरवं. काळी जमीन मात्र आपल्यासारखीच. मी अप्पांना खिडकीतून व्हिडिओ काढून पाठवला. त्यांचा उलट प्रश्न आला: "तण कसं नाही?"

अर्बाना आणि शँपेन ही जोडशहरं. राइट स्ट्रीट नावाचा रस्ता त्यांची हद्द, आणि विद्यापीठ दोन्हींत पसरलेलं. मी गेले तेव्हा छप्पन्न हजारांवर विद्यार्थी होते. आमच्या औशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं एका विद्यापीठात शिकतात, हा विचार पहिले काही दिवस पोटात गोळा आणायचा. पण रोजच्या जगण्यात विद्यापीठ एवढं मोठं नसतं. आपला विभाग, आपली लॅब, दोन बसमार्ग, एक वाचनालय. आय-कार्ड दाखवलं की शहराची बस फुकट, कारण तिचे पैसे सत्राच्या शुल्कात आधीच घेतलेले असतात.

पहिल्या पंधरवड्यातला कागदांचा क्रम असा: परदेशी विद्यार्थी कार्यालयाच्या पोर्टलवर आल्याची नोंद, आय-कार्ड, बँक खातं, मग सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे पगारासाठी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक. शेवटच्यासाठी पोहोचल्यावर साधारण दहा दिवस थांबून जावं, म्हणजे व्हिसाची नोंद त्यांच्याकडे दिसते. सोबत विभागाचं नोकरीचं पत्र, आय-२०, पासपोर्ट. कार्ड पोस्टानं दोन आठवड्यांत आलं.

घर शोधताना माझी चूक झाली. भारतातून न बघता करार केला आणि आत शिरले त्या दिवशी फोटो काढले नाहीत. वर्षानं सोडताना घरमालकानं गालिच्यावरचे जुने डाग माझ्या नावावर टाकून १५० डॉलर कापले. किल्ली हातात आली की आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला मेल करा.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याआधी क्वाड डे असतो. मधल्या मोठ्या हिरवळीवर शेकडो विद्यार्थी संघटना टेबलं मांडून बसतात. नोंदणी असलेल्या संघटना हजारावर आहेत. फुगे उडवणाऱ्यांपासून मधमाश्या पाळणाऱ्यांपर्यंत सगळे. मी मधमाश्यांच्या टेबलावर नाव लिहिलं. त्याच हिरवळीच्या दक्षिणेला, चालत पाच मिनिटांवर, मोरो प्लॉट्स आहेत. १८७६ पासून सलग पीक घेतली जाणारी प्रायोगिक जमीन, अमेरिकेतली सर्वांत जुनी. एका तुकड्यात वर्षानुवर्षं फक्त मका, दुसऱ्यात मका-सोयाबीनची फेरपालट, तिसऱ्यात मका, ओट आणि चारा. खत न घातलेल्या भागातला नुसता मका खुरटलेला आणि पिवळा, शेजारचा फेरपालटीचा हिरवागार. आमच्या वर्गात फळ्यावर शिकलेली गोष्ट समोर उभी होती. शेजारी पदवीच्या मुलांसाठी वाचनालय बांधायचं ठरलं, तेव्हा त्याची सावली या पिकावर पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं, १९६९ मध्ये. मी पोहोचले तेव्हा ते बंद झालं होतं, पण वरून चालताना मला दर वेळी तेच आठवायचं. मक्याच्या उन्हासाठी एवढी मोठी इमारत जमिनीखाली गेली.

अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. हे विद्यापीठ १८६७ चं. १८६२ मध्ये लिंकननं सही केलेल्या कायद्यानं राज्यांना जमिनी मिळाल्या, त्या विकून शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मुलांसाठी विद्यापीठं काढायची होती. हे त्यांतलं एक. याचं बोधवाक्यच विद्या आणि श्रम असं आहे. आपली कृषी विद्यापीठं पुढे याच धर्तीवर निघाली. पंतनगर आणि जबलपूरची विद्यापीठं उभी राहताना इलिनॉयच्या लोकांनी तिथे येऊन काम केलं, आणि साठच्या दशकात मध्य भारतात सोयाबीन रुजलं त्यामागे या तिन्ही ठिकाणांचं संशोधन होतं. अप्पा वर्षानुवर्षं पेरत आले ते जेएस ३३५ जबलपूरचंच वाण. अमेरिकेचा सोयाबीनच्या वाणांचा राष्ट्रीय संग्रह अर्बानातच आहे, माझ्या लॅबपासून जवळ. हे सगळं फोनवर सांगितल्यावर अप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बी तिकडून आलंय. मग बराबर हाय."

अभ्यास पहिल्या सत्रात जड गेला. एम.एस.ला ३२ क्रेडिट, त्यात थीसिसही. संख्याशास्त्राच्या वर्गात मी संगणकावरचा कोड पहिल्यांदा पाहत होते. पहिल्या परीक्षेत शंभरपैकी ५४. तिथे शिक्षकांचे ठरावीक तास असतात, कुणीही जाऊन शंका विचारावी म्हणून. मी सहा आठवडे गेले नाही, कारण आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये काही चुकलं तरच बोलावतात. गेले तेव्हा खुर्ची ओढून देत त्यांनी विचारलं, एवढे दिवस कुठे होतीस? आणखी एक: दुसऱ्याचं वाक्य संदर्भाशिवाय उचलणं तिथे फार गंभीर गुन्हा धरतात. प्रॅक्टिकलच्या वह्या एकमेकींच्या बघून लिहायची सवय मुंबईतच सोडून विमानात बसा.

नोव्हेंबर-डिसेंबर कठीण. घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेचारला सूर्य मावळतो. त्या वर्षी नाताळच्या आधी तापमान उणे वीसच्या खाली गेलं. विद्यार्थी घरी गेलेले, बस कमी, रस्त्यावर कुणी नाही. चार दिवस मी खोलीबाहेर पडले नाही आणि मायचा फोनही उचलला नाही. काय झालं होतं ते मला सांगता येत नव्हतं. जानेवारीत समुपदेशन केंद्रात गेले. त्याचे पैसे शुल्कातच असतात, वेगळे पडत नाहीत. इंग्रजीत रडता येईल का, अशी भीती वाटली होती. आलं. ज्यांना असं होईल त्यांनी माझ्यासारखं थांबू नये, पहिल्याच आठवड्यात जावं. जाड कोट आणि बर्फाचे बूट भारतातून नेऊ नका. मी तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानात ३५ डॉलरला कोट घेतला, दोन हिवाळे पुरला.

त्याच हिवाळ्यात मुख्य वाचनालयाच्या रॅकमध्ये, लोखंडी जिन्यांच्या अरुंद मजल्यांवर भटकताना मला मराठी पुस्तकं सापडली. एक-दोन नाहीत, रांगच. साठच्या दशकातली, कागद पिवळे पडलेले. नंतर कळलं, की पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या धान्याचे पैसे भारतानं रुपयांत भरले आणि त्यातल्या काही रुपयांतून अमेरिकेच्या विद्यापीठांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली गेली. आजी आम्हाला रेशनवरच्या लाल मिलोबद्दल, म्हणजे त्या अमेरिकी ज्वारीबद्दल सांगायची, गुरंही तोंड लावायची नाहीत म्हणायची. त्या धान्याची दुसरी बाजू माझ्या हातात होती. मी खाली फरशीवर बसून अंधार पडेपर्यंत वाचत राहिले.

२०२३ चा उन्हाळा शेतात गेला. विद्यापीठाची शेतं कॅम्पसला लागूनच दक्षिणेला आहेत. सडन डेथ सिंड्रोम हा माझा विषय. फ्युजेरियम बुरशी मुळांत शिरते आणि ऑगस्टमध्ये हिरवं पीक शिरांमधून पिवळं पडून करपतं. पहाटे सहाला शेतात जाऊन मुळं उपटायची, धुवायची, रोग किती त्याचे गुण द्यायचे. हात पुन्हा मातीचे झाले आणि मी सावरले.

कराचं विसरू नका. एप्रिलच्या १५ तारखेआधी परदेशी विद्यार्थ्यांचा वेगळा फॉर्म भरायचा असतो. भारत-अमेरिका कर-करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून ठरावीक रकमेची वजावट) मिळतं, ते बऱ्याच देशांच्या मुलांना मिळत नाही. साधं सॉफ्टवेअर वापरून रहिवाशांचा फॉर्म भरू नका.

शेवटच्या सत्रात, जानेवारी २०२४ मध्ये, पोर्टलवर पदवीच्या यादीत नाव घालावं लागतं. ते आपोआप होत नाही. माझ्या लॅबमधल्या एकाचं राहिलं होतं आणि त्याची पदवी एक सत्र लांबली असती, शेवटच्या दिवशी आठवलं म्हणून वाचला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात थीसिसचं सादरीकरण, मग समितीच्या दुरुस्त्या, मग थीसिस कार्यालयाची स्वरूप-तपासणी. समास, पानांचे क्रमांक, तक्त्यांची शीर्षकं यावरून माझा थीसिस दोनदा परत आला. त्यासाठी पूर्ण आठवडा राखून ठेवा. अर्पणपत्रिकेत अप्पा आणि मायचं नाव मी देवनागरीत लिहिलं. ते चाललं.

मे महिन्यात पदवीदान झालं, १९२३ च्या जुन्या फुटबॉल स्टेडियममध्ये. अप्पा-मायला येता आलं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या पर्यटक व्हिसाच्या तारखा तेव्हा फार पुढच्या मिळत होत्या. तिथे सकाळ होती, घरी रात्रीचे आठ. चुलतभावानं मोबाइल टीव्हीला जोडून अख्ख्या गल्लीला दाखवलं.

उरला होता ओपीटीचा अर्ज, म्हणजे शिक्षणानंतर वर्षभर काम करण्याची परवानगी. अभ्यासक्रम संपण्याच्या नव्वद दिवस आधीपासून तो करता येतो. आधी विद्यापीठाकडून शिफारस असलेला नवा आय-२० घ्यायचा आणि त्यानंतर तीस दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे. मी ऑनलाइन केला तेव्हा फी ४७० डॉलर होती, नुकतीच वाढलेली. सहा आठवडे रोज पोस्टाची पेटी उघडून पाहिली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात परवानगीचं कार्ड आलं. फोन केला तेव्हा घरी पाऊस पडून गेला होता आणि अप्पा बियाण्याची उगवण तपासायला गोणपाटावर शंभर दाणे मोजत होते. मी कार्डाचं सांगितलं. ते म्हणाले, "थांब, मोजणी चुकंल," आणि मोजून झाल्यावर पुन्हा फोन हातात घेतला.